डाव आधीच उघडा करून जिंकणारा सिनेमा

एका रविवारी दुपारी मी आईबरोबर 'लार्नाकर' हा फ्रेंच सिनेमा पाहिला. खाली इंग्रजी सबटायटल होती. आईला इंग्रजी वाचता येतं, पण फ्रेंच माणसं ज्या वेगाने बोलतात त्या वेगाने नाही. दहाएक मिनिटांनी तिने वाचायचा नाद सोडला आणि नुसती बघत बसली. तरी शेवटपर्यंत ती बरोब्बर हसायच्या जागी हसत होती. एकदोनदा तर माझ्या आधी हसली, कारण मी वाचत होते आणि ती बघत होती.

तेव्हापासून हा सिनेमा माझ्या डोक्यात आहे. २०१० साली तो फ्रान्समध्ये लागला आणि ३५ लाखांहून जास्त लोकांनी तिकीट काढून पाहिला. (फ्रान्समध्ये सिनेमाचं यश पैशापेक्षा तिकिटांच्या आकड्यात मोजायची पद्धत आहे. मला ती फार आवडते. किती रुपये आले यापेक्षा किती माणसं आली हे कळतं.) बाहेरच्या देशांतही तो चालला. 'हलकीफुलकी प्रेमकथा' म्हटलं की आपण जरा दुय्यम समजतो, वेळ घालवायची गोष्ट. पण हलकेपणा हा वेगळा उद्योग आहे आणि तो कसा साधतो हे या एका सिनेमावरून छान उलगडता येतं.

आधी नाव. फ्रेंचमध्ये ठकाला, गंडवणाऱ्याला 'आर्नाकर' म्हणतात. त्या शब्दाचा शेवटचा उच्चार आणि हृदय या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा उच्चार अगदी एकच. म्हणून नावात स्पेलिंग बदलून ठकाच्या पोटात हृदय बसवलं आहे. ऐकताना फरक कळत नाही, वाचताना कळतो. कोटी करायची हौस असलेल्या मराठी माणसाला ही गंमत वेगळी सांगायला नको.

गोष्ट थोडक्यात अशी. अलेक्स हा जोड्या मोडायचा धंदा करतो. बरोबर बहीण मेलानी आणि तिचा नवरा मार्क. एखाद्या मुलीने चुकीचा माणूस निवडलाय असं तिच्या घरच्यांना वाटलं की ते या तिघांना पैसे देतात. अलेक्स वेगवेगळी सोंगं घेऊन त्या मुलीच्या आयुष्यात येतो, तिला थोडं भुलवतो, ती आपला जोडीदार सोडते आणि हा गायब होतो. धंद्याचे नियम कडक आहेत. मुलगी सुखी असेल तर काम घ्यायचं नाही. दुःखी असून तिला ते ठाऊक असेल तरी नाही. दुःखी आहे पण तिच्या लक्षातच आलेलं नाही, अशीच फक्त घ्यायची. आणि डोळे उघडून द्यायचे, त्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही.

मग एक श्रीमंत बाप येतो. मुलगी ज्युलिएट, होणारा नवरा जोनाथन, लग्न मोनॅकोत, हातात दहा दिवस. माहिती काढल्यावर दिसतं की मुलगी खरोखर सुखी आहे. म्हणजे नियमाप्रमाणे काम नाकारायचं. पण अलेक्सच्या मानगुटीवर सावकाराचा गुंड बसलेला असतो, म्हणून तो हो म्हणतो आणि ज्युलिएटचा अंगरक्षक बनून मोनॅकोत दाखल होतो. पुढे काय होणार हे तुम्ही आत्ताच ओळखलं असेल. पहिल्या पंधरा मिनिटांत मीही ओळखलं होतं, आईनेही.

मग शेवट माहीत असताना दीड तासाहून अधिक वेळ आपण का बसतो?

सिनेमाची सुरुवात मोरोक्कोत होते. एक मुलगी आणि तिचा मित्र सहलीला आलेत. मित्राला हॉटेलच्या तलावाकाठी लोळायचंय, तिला वाळवंट बघायचंय. ती एकटी निघते. वाटेत भेटतो अलेक्स, खेड्यातल्या मुलांना लस टोचायला निघालेला डॉक्टर. दिवसभर ती त्याचं काम बघते. संध्याकाळी वाळूच्या टेकड्यांवर तो तिला सांगतो की माझ्यासाठी आता फार उशीर झालाय, पण तुझ्यासाठी नाही. हे बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. प्रसंग इतक्या मनापासून केलेला आहे की आपणही विरघळतो. आणि लगेच कळतं की डॉक्टर खोटा, लस खोटी, पाणीसुद्धा खोटं. त्यानंतर नामावलीबरोबर एकामागून एक तुकडे येतात. वेगळी बाई, वेगळा वेश, वेगळं गाव, आणि तेच वाक्य, तेच डोळ्यांतलं पाणी.

माझ्या मते सगळा सिनेमा या पाच मिनिटांत पेरलेला आहे. इथे तो आपल्याला एकदा स्वतःच फसवून दाखवतो, मग जादूगाराने बाह्या वर करून दाखवाव्यात तसं फसवणुकीचं साहित्य उघडून ठेवतो. वाक्य कुठलं, पाणी कधी काढायचं, गप्प कधी बसायचं, सगळं. एवढं कळल्यावर पुढे तो ज्युलिएटशी जे जे बोलेल त्यावर आपण विश्वास ठेवणार नाही, हे उघड आहे. आणि अशा माणसावर शेवटी आपला विश्वास बसवायचा, हे ओझं दिग्दर्शकाने आपणहून खांद्यावर घेतलंय. साध्या प्रेमकथेत नायक 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणाला की काम झालं. इथे तसलं वाक्य पहिल्या पाच मिनिटांत वापरून वापरून झिजवून टाकलंय. आता त्याला दुसरं काहीतरी शोधावं लागणार.

प्रेक्षकाला एक गोष्ट माहीत आणि पात्राला नाही, ही विनोदी नाटकातली सगळ्यात जुनी युक्ती. दाराआड कोण लपलंय हे आपल्याला ठाऊक असतं, आत येणाऱ्या नवऱ्याला नसतं. पण 'लार्नाकर'मध्ये ही युक्ती दोन मजल्यांची आहे. पहिल्या अर्ध्या भागात अलेक्स आणि आपण एका पातळीवर, आणि ज्युलिएट खाली. तिला काहीच माहीत नाही, आपण त्याच्या टोळीतले चौथे सभासद. मग कुठेतरी मध्यावर अलेक्स तिच्याकडे एक क्षण जास्त बघतो. तो स्वतः ते मान्य करत नाही, बहिणीने विचारलं तर उडवून लावतो. आता अलेक्सही खाली उतरला आणि वर फक्त आपण उरलो. ज्युलिएटला कळत नाही की हा फसवतोय, आणि अलेक्सला कळत नाही की हा आता फसवत नाहीये. दोघांनाही न कळलेली गोष्ट जेव्हा एकट्या प्रेक्षकाला कळते, तेव्हा त्याला त्या दोघांविषयी माया वाटायला लागते. हसू आणि माया एकाच जागेवरून येतात ते असं.

ही रचना या सिनेमाच्या दिग्दर्शकाने शोधलेली नाही. फ्रेंच रंगभूमीवर ती तीनशे वर्षांपासून मुरलेली आहे. १७३० साली मारिवो या नाटककाराचं एक नाटक पॅरिसमध्ये रंगमंचावर आलं. त्यात सिल्विया नावाची मुलगी ठरवते की लग्नाआधी मुलाला नीट पारखायचं, म्हणून ती आपल्या दासीशी कपडे बदलते. मुलगा दोरांतही तोच विचार करून आपल्या नोकराशी कपडे बदलून येतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी सोंग. दोघंही समोरच्या 'नोकर' माणसाच्या प्रेमात पडतात आणि आपलं काय होऊन बसलं म्हणून हादरतात. या सगळ्याची खबर कुणाला असते? मुलीच्या बापाला. तो विंगेत उभा राहून मजा बघतो. 'लार्नाकर'मधला पैसे मोजणारा बाप त्याच घराण्यातला. मारिवोच्या पात्रांचं हे नाजूक, गोल गोल, मनातलं ओठांवर येऊ न देणारं बोलणं इतकं गाजलं की फ्रेंच भाषेत त्याच्या नावावरून 'मारिवोदाज' असा शब्दच तयार झाला. प्रेमात पडलेली माणसं प्रेम सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलतात, तेव्हा ते मारिवोदाज.

आपल्यालाही हे परकं नाही, आणि हे मी ओढूनताणून म्हणत नाहीये. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' आठवा. फाल्गुनराव आणि कृत्तिका, अश्विनशेठ आणि रेवती, नोकर भादव्या. (सगळी नावं महिन्यांची आणि नक्षत्रांची. देवलांना तीही एक मजा करावीशी वाटली.) रस्त्यात पडलेली एक तसबीर भलत्याच्या हाती लागते आणि चौघंही एकमेकांवर संशय घेत सुटतात. देवलांनी हे नाटक आर्थर मर्फीच्या १७६१ सालच्या इंग्रजी नाटकावरून घेतलं, आणि मर्फीच्या नाटकाची मुळं मोलिएरच्या १६६० सालच्या एका छोट्या फ्रेंच प्रहसनात आहेत. म्हणजे पॅरिसमधली एक गैरसमजाची गंमत लंडनमार्गे आपल्याकडे आली, इथे तिला नाट्यपदं मिळाली आणि ती इतकी आपली झाली की तिचं माहेर कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. आपण नाटकाच्या तालमीत ऊठसूट वापरतो तो 'फार्स' हा शब्दसुद्धा मूळचा फ्रेंचच. सबटायटल न वाचता माझी आई हसत होती याचं मला आता फारसं आश्चर्य वाटत नाही. हे व्याकरण तिला पाठ होतं.

दुसरा धागा अमेरिकेतून येतो. १९३४ साली फ्रँक कॅप्राने 'इट हॅपन्ड वन नाइट' काढला. श्रीमंत घरातून पळालेली मुलगी, तिच्या मागे लागलेला बातमीदार, आणि शेवटी लग्नाच्या वेदीकडे चालता चालता बापच मुलीच्या कानात सांगतो की तो बातमीदार बक्षिसाला शिवला नाही, त्याने फक्त प्रवासाचा खर्च मागितला, ३९ डॉलर ६० सेंट. मुलगी लग्न टाकून पळते. आपण ही गोष्ट 'चोरी चोरी'मध्ये १९५६ साली पाहिली, मग 'दिल है के मानता नहीं'मध्ये १९९१ साली पुन्हा. 'लार्नाकर'चा शेवटही याच वाटेने जातो. ज्यांनी हे जुने सिनेमे पाहिलेत त्यांना लग्नाच्या प्रसंगात बाप मुलीचा हात धरून चालायला लागला की मनातल्या मनात शिट्टी वाजवावीशी वाटते.

आता एक प्रसंग जरा जवळून बघू. टोळीने माहिती काढलेली असते की ज्युलिएटला जॉर्ज मायकलची गाणी आवडतात, सकाळी न्याहारीला रोकफोर चीज लागतं आणि 'डर्टी डान्सिंग' हा सिनेमा जीव की प्राण आहे. लगेच अलेक्सलाही या तिन्ही गोष्टी प्रिय होतात. रोकफोर हे मेंढीच्या दुधाचं, निळ्या बुरशीच्या रेघा असलेलं, अतिशय उग्र वासाचं चीज. भल्या सकाळी ते हसतमुखाने खायचं म्हणजे शिक्षाच. गाडीत जॉर्ज मायकलचा आवाज लागतो तेव्हा अलेक्स आपल्याला हे गाणं मनापासून आवडतं असं दाखवत गातो. आणि 'डर्टी डान्सिंग'मधला शेवटचा नाच तो हॉटेलच्या खोलीत टीव्हीपुढे उभा राहून पाठ करतो. पाय अडखळतात, पुन्हा मागे जायचं, पुन्हा सुरू.

मग लग्नाच्या तोंडावर, रात्री उशिरा, ते दोघं खरोखर तो नाच करतात. इथे काय होतं ते नीट बघा. नाच पाठ केलेला आहे, म्हणजे खोटा. पण तिला उचलून डोक्यावर धरायची ती शेवटची उडी आहे ना, ती खोटी करता येत नाही. खोटं बोलता येतं, खोटं रडता येतं, पण धावत येणाऱ्या माणसाला खोटं झेलता येत नाही. एक तर तुम्ही झेलता, नाही तर तो पडतो. वाक्यं झिजवून टाकल्यावर दिग्दर्शकाने शोधलेलं दुसरं काहीतरी ते हेच. भाषणावर आपला विश्वास बसणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने अंगावर विश्वास बसवला. टीव्हीपुढच्या त्या अडखळत्या तालमीचं आता वेगळंच मोल होतं. आपण ती फसवणुकीची तयारी म्हणून पाहिली होती, पण कुणासाठी इतकी तालीम करणं म्हणजे तरी काय असतं?

आई या प्रसंगात हसली नाही. हातातली वाटाण्याची शेंग सोलायची तशीच राहिली.

या सिनेमाचा हलकेपणा कुठून येतो हे बघायचं तर तो हाताळणाऱ्या माणसांकडे बघावं लागतं. दिग्दर्शक पास्काल शोमेय यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. त्याआधी त्यांनी ल्युक बेसॉंबरोबर सहाय्यक म्हणून काम केलं होतं आणि टीव्ही मालिका केल्या होत्या. छायाचित्रण थिएरी आर्बोगास्त यांचं, जे बेसॉंच्या मारधाडीच्या सिनेमांसाठी प्रसिद्ध. म्हणजे थराराचे हात विनोदाला लागले आहेत. पाळत ठेवणं, गाडीचा पाठलाग, खोलीत शिरून बाहेर पडणं हे सगळं घड्याळाच्या काट्यावर चालतं, आणि विनोदाला लागतं ते नेमकं तेच. पाव सेकंद उशीर झाला की हशा गेला. आणि जागा कुठली, तर मोनॅको. जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं संस्थान, एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र. अशा चिमुकल्या जागेत कुणी कुणापासून लपायचं म्हटलं तरी पुढच्या वळणावर गाठ पडणारच. नाटकातला तीन दारांचा दिवाणखाना त्यांनी उघड्यावर, उन्हात मांडलाय.

मेलानी आणि मार्क ही जोडी तर भाव खाऊन जाते. ज्युली फेरिए आणि बेल्जियन नट फ्रान्स्वा दामियाँ. दामियाँ त्याआधी बेल्जियमच्या टीव्हीवर लपवलेल्या कॅमेऱ्यासमोर अनोळखी लोकांच्या फिरक्या घेण्यासाठी गाजले होते, तेव्हा सोंग बेमालूम वठवणं त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. मला ही नवरा-बायको महत्त्वाची वाटतात ती आणखी एका कारणाने. अलेक्स सुंदर, चकचकीत प्रेमाची नक्कल करत फिरतो, आणि त्याच्या शेजारी ही दोघं खरं, मळकं, भांडकुदळ प्रेम रोज जगत असतात. त्याला ते दिसत नाही, कारण त्यात व्हायोलिन वाजत नाही.

नायिकेच्या भूमिकेत वानेसा पारादी. फ्रेंच लोकांना ती चौदाव्या वर्षी, १९८७ साली, 'जो ल टॅक्सी' या गाण्याने माहीत झाली. दातांमधली फट तिने कधी बुजवली नाही आणि ज्युलिएटच्या हसण्यात ती फट फार गोड दिसते. रोमँ द्युरिस हा अलेक्स. तो रूढ अर्थाने देखणा नाही. चेहरा जरा लांबट, केस विस्कटलेले. पण अंगात कायम वारं भरलेलं. एखाद्या गुळगुळीत नटाने ही भूमिका केली असती तर आपल्याला अलेक्सचा राग आला असता. द्युरिस घामाघूम होतो, पळताना धडपडतो, म्हणून आपण त्याला माफ करत जातो.

आणि जोनाथन. हा मला या सिनेमातला सगळ्यात प्रामाणिक निर्णय वाटतो. अँड्र्यू लिंकनने केलेला हा इंग्रज वर श्रीमंत आहे, देखणा आहे, दानधर्म करतो, ज्युलिएटवर प्रेम करतो. त्याच्यात खोट काढायला टोळी आकाशपाताळ एक करते आणि काहीही सापडत नाही. आपल्याकडच्या कितीतरी सिनेमांत दुसरा मुलगा शेवटच्या अर्ध्या तासात एकदम दारुडा किंवा लोभी निघतो, म्हणजे नायिकेला निवडीचा त्रास नको. इथे ती सोय नाकारली आहे. जोनाथन शेवटपर्यंत चांगलाच राहतो. ज्युलिएटला चांगला आणि वाईट यांतून नाही, तर चांगला आणि आपला यांतून निवडायचंय. हे फार अवघड असतं आणि आयुष्यात बहुतेक वेळा हेच असतं. हलक्या सिनेमाने इतकी जड गोष्ट हातात घेतली आणि ती कुठे ठेच न लागू देता पलीकडे नेली, याचं मला कौतुक आहे.

मला एक गोष्ट मात्र खटकते आणि ती मी दडवणार नाही. एका सज्ञान मुलीवर चोवीस तास पाळत ठेवायची, तिच्या आवडीनिवडी चोरायच्या आणि तिचं सुख कशात आहे हे बापाने ठरवायचं, हा सगळा प्रकार गमतीत धरला तरी गमतीचा नाही. 'तू दुःखी आहेस पण तुला ते कळत नाही' हे वाक्य बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं आहे. सिनेमा याची थोडी किंमत अलेक्सकडून वसूल करतो. बिंग फुटतं, ज्युलिएट दुखावते आणि तिचा राग सिनेमा हसण्यावारी नेत नाही. तरी मला वाटतं की तिच्या बाजूने आणखी एक प्रसंग हवा होता. ती एकटी, तिला कळलेलं सगळं घेऊन बसलेली, पाच मिनिटं कुणीही न बोलता. शोमेय तिथे थांबले नाहीत. त्यांना वेग सोडवला नाही.

हलकेपणाची ती एक किंमत आहेच. हलका सिनेमा दुःखाला शिवून पुढे जातो, त्यात बसत नाही. सावकाराची भीती, बापाला उशिरा झालेली उपरती, तिशी उलटली तरी दुसऱ्यांच्या प्रेमाच्या मोडतोडीवर पोट भरणाऱ्या माणसाचं रिकामपण, हे सगळं यात आहे. प्रत्येकाला स्वतंत्र सिनेमा पुरला असता. इथे प्रत्येकाच्या वाट्याला दोनदोन मिनिटं आली आहेत. ज्याला ती दोन मिनिटं दिसतात त्याला सिनेमा पोकळ वाटत नाही.

शेवटी अलेक्स विमानतळावरून उलटा फिरतो आणि लग्नाच्या दिशेने धावत सुटतो. तिकडून ज्युलिएट लग्नाच्या पांढऱ्या झग्यात धावत येते. रस्त्यावर, भर उन्हात, दोघं समोरासमोर. आता ना डॉक्टरचा डगला आहे, ना अंगरक्षकाचा सूट, ना कानात सूचना देणारी बहीण. तो तोंड उघडतो.

आईने एव्हाना सबटायटलकडे बघणं केव्हाच सोडलं होतं. ती म्हणाली, "धाप लागलीय गं त्याला. आता खरं बोलेल."